हेतल, जीवदानी आणि बोंबलाची काठी

माणसं बोट का घेतात याची कारणं पुष्कळ असतील. कुणाला हौस असते, कुणाकडे पैसा असतो, कुणाच्या डोक्यात बिघाड असतो. आमच्या बाबतीत कारण बोंबील होतं.

आमची सागरकिरण सोसायटी, जिच्यातून सागर दिसत नाही आणि किरणही जपूनच येतात, पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं. तो उभा राहीपर्यंत प्रत्येकाने बिऱ्हाड दुसरीकडे हलवायचं होतं. सगळ्यांना घरं मिळाली. आम्हाला मिळेना. एजंट घर दाखवायचा, घर आम्हाला पसंत पडायचं, मालकाला आम्ही पसंत पडायचो, आणि निघता निघता मालक सहज विचारायचा, "मासे खाता?" मी खातो म्हणायचो. "खा हो, आजकाल कोण खात नाही!" असं म्हणून तो उदार हसायचा, तेवढ्यात माझी बायको लिडिया वर बघत विचारायची, "ग्यालरीत काठी अडकवायला खिळा हाय काय?"

"काठी कसली?"

"बोंबलांची. वाळवायला."

इथे बोलणं संपायचं. एका मालकाने तर आम्ही जिना उतरायच्या आत वर उदबत्ती लावलेली मला वासावरून कळली.

लिडिया पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा सोबत एक बांबूची काठी घेऊन आली आणि तेव्हापासून ती काठी आमच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीच्या वर, मानाने आडवी आहे. पावसाळा सोडला तर ती रिकामी नसते. शेजारच्या हंसाबेन शुद्ध शाकाहारी, पण इतक्या वर्षांत त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त वारा कुठून येतो हे बघून त्या खुर्ची हलवतात. असे शेजारी नव्या बिल्डिंगांत मिळत नाहीत. पाचवं घर हुकलं त्या दिवशी लिडियाने मला स्पष्ट सांगितलं, "अवो, जिथं माजी काठी लागनार नाय, तिथं मी ऱ्हानार नाय."

त्याच संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती. सेक्रेटरी शत्रुघ्नभाऊ प्रत्येकाचा तात्पुरता पत्ता लिहून घेत होते. माझं नाव आलं. "सर, तुमचा पत्ता? तेवढा एकच राहिलाय. तुमच्या एका पत्त्यासाठी अख्खी बिल्डिंग उभी आहे." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरांत दया होती, आणि दया मला सोसत नाही.

"आम्ही बोटीवर राहणार आहोत," मी म्हणालो.

आता मी गिरीजचा. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या वाडीत गेल्या, आता तिथे राहतं घर उरलं नाही, नुसत्या केळी आहेत. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं आणि पाटाचं, खोल म्हणजे घोट्याएवढं. पण वाक्य तोंडातून गेलं आणि शत्रुघ्नभाऊंनी ते इतिवृत्तात लिहिलं. इतिवृत्तात गेलेली गोष्ट मागे घेणाऱ्यांतला मी नाही. महिनाअखेरीपर्यंत बोट घ्यायची, असं मी त्या क्षणी ठरवून टाकलं.

मीटिंग संपायच्या आत बिल्डिंगमधला प्रत्येक जण दर्यावर्दी झाला. कुणी म्हणालं, इंजिन बघा. कुणी म्हणालं, इंजिन मुळीच बघू नका, शिडाची घ्या, डिझेल कुठे परवडतंय. तिसऱ्याने बोटीत वास्तुशास्त्र कसं पाळायचं, ती तर फिरते, असा खरोखरच अवघड प्रश्न टाकला. हंसाबेन तेवढ्या कामाचं बोलल्या. "भाई, बोट लेवानी असेल तर पहिला संडास जोवानो."

मी शिडाचीच घ्यायची ठरवली आणि तीही तिन्ही कामांना उपयोगी पडणारी: राहायला, फिरायला आणि शर्यतीला. राहणं लिडियाला समजलं. फिरणं, म्हणजे निवृत्तीनंतर समुद्रमार्गे गोव्याला जाणं, हेही तिने ऐकून घेतलं. "पन शर्यत कशाला?" तिने विचारलं.

शर्यतीचं कारण तिचा भाऊ रिचर्ड. पाचूबंदरला त्यांच्या आळीच्या सणाला शिडाच्या होड्यांची शर्यत असते. पहिलं बक्षीस केळीचा घड. हा घड दर वर्षी माझ्या वाडीतून जातो, मी स्वतः खांद्यावरून नेऊन देतो आणि दर वर्षी रिचर्ड तो जिंकून घरी नेतो. वर मला म्हणतो, "भावजी, यंदा घड जरा बारका होता." माझ्याच वाडीतली केळी मला वर्षानुवर्षं मेहुण्याच्या घरी जाऊन खावी लागतात. याला कुठेतरी आळा बसायला हवा होता.

बोटी दोन सापडल्या. पहिली सातिवलीत, प्रितेशच्या गोडाउनात. प्रितेशच्या वडिलांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत क्वालिटी कंट्रोलला होतो, त्यामुळे प्रितेश मला अंकल म्हणतो. त्याने कुठल्याशा लिलावात हौसेने शर्यतीची पांढरी फायबरची बोट उचलली होती आणि तिला बायकोचं नाव दिलं होतं. ‘हेतल’ बादल्यांच्या थप्प्यांमध्ये लोखंडी घोडीवर उभी होती. सडपातळ, नाकेली, आणि पोटाखाली खोलवर उतरलेलं एक मोठं जड पातं. पातं कशासाठी, मी विचारलं. "बॅलन्ससाठी, अंकल. मी व्हिडिओ बघितलाय. ही बोट कधी उलटत नाही." मला हे फार आवडलं.

दुसरी अर्नाळ्याच्या श्रीपतची. ‘जीवदानी’ लाकडी होती, सुटलेल्या पोटाची, डांबराचा वास येणारी. पूर्वी तिच्यावर मासेमारी चाले. मग एका पुणेकराने समुद्रावर राहायचं ठरवून तिच्यावर छोटी केबिन बांधली, त्यात दोन बाकं, एक ओटा आणि (हंसाबेनच्या समाधानासाठी सांगतो) एक संडास बसवला, आणि पावसाळा लागताच तो पुण्याला परत गेला.

आता तुलना. मी आयुष्यभर बादल्या पास-नापास केल्या आहेत. आमची पद्धत साधी होती: बादलीत पाणी भरायचं, ठेवून द्यायची आणि बाहेरून थेंब दिसतो का बघायचं. या पद्धतीने माझ्या हातून एकही गळकी बादली बाजारात गेली नाही. बोट म्हणजे तरी काय? मी सातिवलीत पाण्याचा टँकर मागवला.

प्रितेश डोकं खाजवत म्हणाला, "अंकल, पण बोटीत पाणी बाहेरून आत येतं ना? तुम्ही आतून बाहेर चेक करताय."

"भोक दोन्ही बाजूंनी भोकच असतं," मी म्हणालो. या वाक्यात आजही मला काही चूक दिसत नाही.

टँकरचा पाइप हेतलमध्ये सोडला. पाणी बाकांपर्यंत चढलं, लोखंडी घोडी कुरकुरली, आणि मी खाली उकिडवा बसून बुडाशी थेंब शोधू लागलो. मागच्या चाळीत दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. टँकरचा आवाज ऐकून बायका हंडे घेऊन धावत आल्या आणि पाहतात तो काय, टँकर बोटीत रिकामा होतोय. "आमची पोरं बिनआंघोळीची शाळेत गेली, आणि हा म्हातारा बोटीला पाणी पाजतोय!" असं एकीने मोठ्याने म्हटलं. म्हातारा हा शब्द मला लागला. मी क्वालिटी कंट्रोलचं महत्त्व समजावून सांगू लागलो, तोवर दोघी शिडी लावून वर चढल्या आणि हेतल उपसायला सुरुवातही झाली. त्यांच्या हातातल्या बादल्या आमच्याच होत्या, मी पास केलेल्या, आणि एकही गळत नव्हती. माणसाला अशा वेळी कुठूनतरी अभिमान वाटून घ्यावा लागतो. हेतलही गळली नाही. मी तिला पास केलं. गाद्यांचा मात्र लगदा झाला होता.

अर्नाळ्याला मी श्रीपतला पाण्याच्या परीक्षेबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "हिच्यात पानी भरायला नाय लागत, साहेब. आपसूक भरतं."

"म्हणजे गळते?"

"गलते नाय. जरा घेते. सकाली उपसायचं, झालं."

मी जीवदानीला तिथल्या तिथे नापास केलं.

एकदा कोळंबी सोलता सोलता लिडियाने विचारलं, "मला चढू देनार ना तुमी बोटीवर?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितलं. त्यांच्या घरी बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, हा तिच्या बापाचा नियम होता, आणि तो रिचर्डने चालू ठेवला. लहानपणापासून ती गुडघाभर चिखलात उभी राहून होडीतून पाट्या उतरवून घ्यायची. होडीला हात लावायचा तो बाहेरून. वसईच्या किल्ल्यापलीकडे पाणी कसं दिसतं ते तिने अजून पाहिलं नव्हतं. "आपल्या बोटीवर कोण कोणाला अडवणार?" मी म्हणालो, आणि मला रिचर्डचा मनापासून राग आला.

मधल्या काळात मी सरकारी कामं उरकायला घेतली. बंदराच्या कार्यालयात विचारलं, मासेमारी की प्रवासी वाहतूक? मी म्हणालो, राहणार. साहेबांनी बराच वेळ फाइल चाळली आणि म्हणाले, "राहण्याचं आमच्याकडे येत नाही, ते घरपट्टीकडे." घरपट्टीच्या खिडकीवर विचारलं, मजला कितवा? मी म्हणालो, लाटेवर अवलंबून आहे. त्यांनी मला पुन्हा बंदराकडे पाठवलं. गॅस एजन्सीतल्या मुलीने जवळची खूण मागितली. मी अरबी समुद्र सांगितला, तर ती म्हणाली, "त्याच्या समोर की मागे?"

यातून मी खचलो असतो तर तो मी नव्हेच. मी जाहीर केलं की येत्या रविवारी पाचूबंदरच्या खाडीत दोन्ही बोटी शेजारी शेजारी उभ्या करून जाहीर तुलना होईल. सकाळी शर्यत, मग थोडं फिरणं, आणि दुपारी राहण्याची चाचणी म्हणून बोटीवरच जेवण. शत्रुघ्नभाऊंना पत्ता नोंदवायला बोलावलं. हंसाबेनना संडास तपासायला बोलावलं.

हेतलला सातिवलीहून ट्रेलरवर आणताना वाटेत एका हवालदाराने ‘हे वाहन आहे की सामान’ हे ठरवायला ट्रेलर उभा करून ठेवला, आणि ते ठरेपर्यंत मागे थेट नाक्यापर्यंत गाड्या तुंबल्या. पण हेतल पाण्यात उतरली आणि तिचं शीड वर गेलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांनीसुद्धा गप्पा थांबवल्या. सकाळची भरती होती. रिचर्ड हाताची घडी घालून उभा होता. तो हेतलच्या पोटाखालच्या पात्याबद्दल म्हणाला, "भावजी, हिचा पाय लई लांब हाय."

"त्याने बॅलन्स राहतो," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. जी गोष्ट गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते ती मुद्दाम कुणी सांगत नाही, हे मला दुपारी कळायचं होतं.

शर्यतीत हेतलवर मी आणि प्रितेश, जीवदानीवर श्रीपत. हेतल बाणासारखी सुटली. जीवदानी अजून शीड झटकत होती तोवर आम्ही शेवटची खूण ओलांडली. दुर्दैवाने प्रितेशने पाहिलेल्या व्हिडिओत बोट चालवायची कशी एवढंच होतं, थांबवायची कशी ते पुढच्या भागात होतं. आम्ही खूण ओलांडून, दोन बगळे उडवून, थेट रिचर्डने खुंट्यांना लावलेल्या जाळ्यात शिरलो. आम्हाला सोडवताना रिचर्ड म्हणाला, "एवडं मोटं काय बरेच दिसांत गावलं नव्हतं." तरीही शर्यत जिंकली ती जिंकली. फिरण्याचा कार्यक्रम मात्र जाळं सोडवण्यात गेला. आम्ही दोन्ही बोटी नांगरल्या. जीवदानीचा नांगर मी स्वतः टाकला, कारण श्रीपत चहाला जायची घाई करत होता.

मग पाहुणे हेतलवर चढले. लिडिया पाण्यातून चालत आली, बोटीच्या कडेला हात लावून थांबली, आणि एकदा किनाऱ्याकडे पाहिलं. रिचर्डने नजर दुसरीकडे वळवली. मी हात दिला. ती चढली, आणि बराच वेळ बसलीच नाही. कुठे काय ते बघत नुसती उभी राहिली.

पानं मांडली. लिडियाचं आंबट-तिखट मटणाचं इंद्याल, तळलेल्या गोल पावांसारखे गरम फुगे, हंसाबेनचा स्वतःचा ढोकळा आणि छाशची बरणी. शत्रुघ्नभाऊंनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "सर, बोट जरा कलल्यासारखी वाटते का?" मी म्हणालो, समुद्रावर असं वाटतंच. मग एक फुगा पानातून उठला आणि शांतपणे पलीकडे निघून गेला. त्याच्यामागून दुसरा गेला. हंसाबेनची छाश बरणीत एका बाजूला चढू लागली. "भाई," त्या म्हणाल्या, "पानी क्यां गयुं?"

मी कडेवरून डोकावून पाहिलं. पाणी गेलं होतं. खाली चिखल होता, त्यात हेतलचा लांब पाय रुतला होता, आणि ज्या पात्यामुळे ती पाण्यात कधी उलटत नाही त्याच पात्यामुळे ती चिखलात उभी राहू शकत नव्हती. ती सावकाश, नेमस्तपणे आडवी होत होती. इंद्यालचं पातेलं शत्रुघ्नभाऊंच्या मांडीवर येऊन स्थिरावलं.

"ओहोटी हाय, भावजी!" किनाऱ्यावरून रिचर्ड ओरडला.

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुमाला ठाव असंल म्हनून! रोज दोनदा येते!"

रोज दोनदा. म्हणजे या बोटीत संसार थाटला असता तर रोज दोनदा आम्ही भिंतीवर झोपलो असतो. शेजारी जीवदानी तेवढ्याच चिखलात आपल्या गोल पोटावर आरामात बसली होती, किंचित वाकून, जेवण झालेल्या माणसासारखी. पाहुणे एकेक करून चिखलात उतरले आणि तिच्यावर गेले. प्रितेशही गेला. मी गेलो नाही. मी हेतलला पास केलं होतं, आणि पास केलेला माल मी कधी टाकून आलो नाही. मी डोलकाठीला पाठ टेकून, म्हणजे जवळजवळ निजून, उरलेलं जेवलो.

तिथून मला जीवदानीवरचं सगळं दिसत होतं. हंसाबेन संडास बघून आल्या आणि त्यांनी मला लांबून हाताने ‘सरस’ अशी खूण केली. प्रितेश आत साचलेलं पाणी आमच्याच कारखान्याच्या बादलीने उपसत होता. लिडियाने जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी सोडलं. काठी होती. घरातून निघताना तिने ती गुपचूप आणली होती. तिने ती डोलकाठीपासून केबिनपर्यंत आडवी धरली, आणि ती बरोबर बसली. वर पिशवीतून आणलेले बोंबीलही चढले. हंसाबेननी वारा पाहिला आणि सवयीने जागा बदलली.

मग पाणी परत यायला लागलं. जीवदानीचं बूड उथळ, ती आधी सुटली. सुटली ती सुटलीच, कारण मी टाकलेला नांगर चिखलात बसलाच नव्हता. श्रीपत किनाऱ्यावर रिचर्डबरोबर चहा पीत होता. जीवदानी माझ्या सोसायटीला आणि माझ्या बायकोला घेऊन वाऱ्यावर निघाली. शत्रुघ्नभाऊ किंचाळले. श्रीपत आणि रिचर्ड चिखलात धावत निघाले, रिचर्ड छातीभर पाण्यात येऊन हेतलला धरून ओरडत राहिला, "लिडी, हात लाव नको! सुकानाला हात लाव नको!" मी हातपाय हलवले, पण हेतल अजून रुतलेलीच होती. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

लिडियाने सुकाणू धरलं. दुसऱ्या हाताने प्रितेशला दोरी दाखवली, त्याने ती ओढली, आणि शीड एकदा फडफडून भरलं. जीवदानी वळली. त्या खाडीत कुठे खोल आणि कुठे खुंट्या, हे तिने लहानपणभर काठावरून पाहिलं होतं, एकेक होडी आत येताना आणि बाहेर जाताना. ती किनाऱ्याकडे येईल असं आम्हाला वाटलं. तिने बोट बाहेर काढली. रिचर्डच्या खुंट्यांना स्वच्छ वळसा घालून, संध्याकाळच्या उन्हात, किल्ल्याच्या दिशेने.

रिचर्डने हेतलची कड सोडून डोळ्यांवर हात धरला. मग हळूच म्हणाला, "भावजी, तिला कोनी शिकवला?"

"तुम्ही नाही शिकवलं, एवढं नक्की," मी म्हणालो.

"यंदा शर्यतीला येल काय ती?"

"घड आमच्याच वाडीतला असतो, रिचर्ड. यंदा तो घरी येईल म्हणतो."

जीवदानी किल्ल्याआड दिसेनाशी झाली. मी हात हलवला होता. लिडियाने हलवला नव्हता, तिचे हात मोकळे नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. शत्रुघ्नभाऊ होते आणि आश्चर्य म्हणजे त्यांचा आवाज चांगला खुशीत होता.

"सर, इकडे फारच छान आहे हो! पत्ता घेऊन टाकतो. बोट जीवदानी, पाचूबंदर, वसई. बरोबर?"

"ती नापास आहे," मी सवयीने म्हणालो. "पाणी घेते ती."

मागून लिडियाचा आवाज आला, वाऱ्यात, मोठ्याने. इतक्या मोठ्याने मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"अवो, सकाली उपसू की दोगं! लिवा म्हनावं त्यांना! हितं खिळा हाय!"